स्ट्रिप निवडण्याआधी उजेड कुठं पडायचा आहे ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगलीत टू बीएचके फ्लॅटचं इंटिरियर सुरू आहे आणि हॉल-बेडरूमच्या पीओपीत एलईडी स्ट्रिप टाकायची आहे. त्याच सुमारास वडिलांच्या साडीच्या दुकानातल्या रॅकना आणि शोकेसलाही स्ट्रिप लावायची आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो, २२० व्होल्टची लावा, ड्रायव्हरची (घरातली वीज १२-२४ व्होल्टवर उतरवून देणारा डबा) कटकट नाही. दुकानदार १२ व्होल्टची दाखवतो. ऑनलाइन पाच मीटरचा रोल दोनशे रुपयांनाही मिळतो आणि दोन हजारांनाही. फरक नेमका कशात आहे, आणि घराला व दुकानाला एकच माल घेतला तर चालेल का, आणि तो कुठून घ्यायचा?

एकच माल घेऊ नका. घरात स्ट्रिपचा उजेड भिंतीवर आणि छतावर पडून परत येणार आहे. तिथं तो डोळ्यांना सुखाचा असला की पुरे. दुकानात तोच उजेड साडीवर पडणार आहे आणि त्या उजेडात दिसलेल्या रंगावर गिऱ्हाईक पैसे मोजणार आहे. ही दोन वेगळी कामं आहेत. व्होल्ट, वॅट, मीटरला किती एलईडी हे सगळे आकडे त्यानंतर येतात. बहुतेक लोक उलटं करतात: आधी रोल घेतात आणि मग तो कुठं बसवायचा ते बघतात.

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत. तुमच्या छताची उंची, भिंतींचा रंग, पीओपीचं काम किती पुढं गेलंय, दुकानात दिवसाचा उजेड किती येतो, यावर पुष्कळ अवलंबून आहे. गडद रंगाची भिंत अर्ध्याहून जास्त उजेड गिळते. त्यामुळं खालचे आकडे सुरुवातीचे समजा आणि जागेवर दोन मीटरचा तुकडा लावून बघितल्याशिवाय पूर्ण खरेदी करू नका.

आधी २२० व्होल्टचा मुद्दा मिटवू. रोप लाइट किंवा एसी स्ट्रिप म्हणून जी ५० मीटरच्या रोलमध्ये मिळते, ती थेट घरातल्या विजेवर चालते. इलेक्ट्रिशियनला ती आवडते कारण प्लग जोडला की काम संपतं. पण तिच्या प्लगमध्ये बहुधा नुसता रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) असतो. आपली वीज ५० सायकलची, त्यामुळं ती स्ट्रिप सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते. सरळ बघताना ते कळत नाही. पंखा फिरताना किंवा हात झटकन हलवताना मात्र जाणवतं, आणि काहींचं डोकं चढतं. ती कापता येते एक मीटर किंवा अर्ध्या मीटरच्या खुणेवरच. मग हॉलच्या कोपऱ्यात एकतर काळा तुकडा राहतो, नाहीतर उरलेली स्ट्रिप गुंडाळून कोंबली जाते आणि तिथंच तापते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कापलेल्या टोकाला पूर्ण मेनचा दाब असतो. उद्या रंगारी ओला ब्रश घेऊन त्या खाचेत हात घालणार, सणासुदीला घरातलं कुणीतरी ओल्या फडक्यानं धूळ पुसणार. राहत्या घरात ती मी लावत नाही. कंपाउंडच्या भिंतीवर, हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) तात्पुरती लावली तर गोष्ट वेगळी. गणपतीच्या मखराला तर ती अजिबात नको. तिथं ओली फुलं, दूर्वा, कापडी पडदे असतात आणि आरतीला लहान मुलांचे हात असतात. मखराला १२ व्होल्टची स्ट्रिप आणि चांगला अडॅप्टर, एवढंच.

आता १२ की २४. दोन्हींत उजेड सारखाच मिळतो, फरक वायरमध्ये पडतो. ६० वॅटच्या स्ट्रिपला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, २४ व्होल्टवर अडीच. समजा दुकानात ड्रायव्हर काउंटरखाली आहे आणि रॅक सहा मीटरवर. जायची-यायची मिळून बारा मीटर वायर झाली. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०१८ ओहम धरा. १२ व्होल्टवर वाटेतच १.१ व्होल्ट जातात, म्हणजे नऊ टक्के. २४ व्होल्टवर अर्धा व्होल्ट जातो, जेमतेम दोन टक्के. शिवाय स्ट्रिपमधला तांब्याचा पातळ थर स्वतःही व्होल्टेज खातो. तुमच्या भागातल्या कुणालाही हे पटेल: ठिबकची नळी फार लांब टाकली की शेवटच्या झाडाला पाणी कमी पडतं, तसं स्ट्रिपचं शेवटचं टोक मंद दिसतं. म्हणून १२ व्होल्टची स्ट्रिप एका टोकाकडून पाच मीटरपर्यंतच द्यायची. २४ व्होल्टची चांगली स्ट्रिप मध्यम वॅटला दहा मीटरपर्यंत जाते. १२ व्होल्टची एक सोय आहे. तिच्यात तीन-तीन एलईडींचे गट असतात, त्यामुळं मीटरला १२० एलईडी असतील तर दर अडीच सेंटिमीटरला कापता येतं. २४ व्होल्टला गट सहा-सातचा असतो आणि कापायची खूण पाच-सहा सेंटिमीटरला येते. छोट्या शोकेसला, कपाटाला, देवघराला १२ चालेल. हॉलच्या पीओपीला आणि दुकानाच्या रॅकना २४ घ्या.

दोनशेच्या आणि दोन हजारांच्या रोलमध्ये वरवर बघता काहीच वेगळं दिसत नाही, म्हणून लोक फसतात. एक म्हणजे तांबं. चांगल्या स्ट्रिपची पट्टी दहा मिलिमीटर रुंद आणि तांब्याचा थर जाड असतो. स्वस्तातली पातळ, बोटांत धरली तर कागदासारखी लागते. दुसरं म्हणजे छापलेले वॅट. स्वस्त रोलवर मीटरला १८ वॅट लिहिलेलं असतं आणि वॅटमीटर लावला तर त्याच्या निम्म्यानंही भरत नाही. असं का करतात, तर तेवढी वीज खरंच दिली तर ती स्ट्रिप तापून मरेल. तिसरं म्हणजे रंगाचं सातत्य. एकाच ‘वॉर्म व्हाइट’ नावाचे दोन रोल शेजारी लावले की एक पिवळसर, एक गुलाबी झाक मारतो. म्हणून पूर्ण खोलीचा माल एकाच लॉटमधून, एकाच दिवशी घ्या, आणि दोन मीटर जादा घेऊन घरात ठेवून द्या. चार वर्षांनी एखादा तुकडा बदलायची वेळ आली तर जुळणारा रंग बाजारात शोधून मिळत नाही. चौथं म्हणजे उजेडात वस्तूचा रंग खरा दिसणं. घराला ते थोडं कमी असलं तरी चालतं. दुकानाचं सगळं त्यावरच आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा लेप असतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरा उजेड दिसतो. (त्या निळ्या एलईडीसाठीच आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) स्वस्त लेपात लाल भाग फार कमी असतो. सूर्यप्रकाशात सगळे रंग भरपूर असतात, या उजेडात लाल उपाशी राहतो. आता विचार करा, साडीच्या दुकानात लाल किती असतो? मरून, डाळिंबी, राणी, कुंकवाचा लाल, वांगी. स्वस्त स्ट्रिपखाली मरून तपकिरी दिसतो, वांगी काळपट होतो, गर्द निळा आणि काळा यांतला फरक कळत नाही. घरी जाऊन उन्हात साडी उघडली की रंग बदललेला वाटतो आणि गिऱ्हाईक परत येतं. साडी तीच असते, खोटं बोललेला असतो दुकानाचा उजेड.

याहून जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे मॅचिंग. साडीला ब्लाउजपीस, फॉल, अस्तर जुळवताना दोन कापडं शेजारी धरतात. साडी रेशमाची, ब्लाउजपीस सुती किंवा मिक्स. दोन्हींतला रंगच वेगळ्या रसायनाचा. अशी दोन कापडं एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या उजेडात उघड वेगळी दिसतात. दुकानात जुळलं, लग्नाच्या मांडवात फोटो काढताना फरक दिसला, अशी तक्रार प्रत्येक कापड दुकानदारानं ऐकलेली असते. उजेडात सगळे रंग पुरेसे असतील तर हे पुष्कळ कमी होतं. पूर्ण जात नाही, म्हणून जुन्या दुकानदारांची दारात नेऊन उजेडात दाखवायची सवय मोडू नका.

यासाठी डब्यावर सीआरआय नावाचा आकडा बघायचा. कमाल १००. घराला ८० चालतो, तुमच्या दुकानाला ९० च्या वर हवा. पण या आकड्यात एक फट आहे. तो आठ सौम्य रंगांची सरासरी आहे आणि गडद लाल त्यात धरलेलाच नाही. गडद लालचा आकडा वेगळा असतो, त्याला आर-९ म्हणतात. सीआरआय ८० असलेल्या स्ट्रिपचा आर-९ शून्याच्या आसपास असू शकतो. दुकानासाठी तो ५० च्या पुढचा मागा. विक्रेत्याला आर-९ म्हणजे काय हेच माहीत नसेल तर तो माल रंगाच्या कामासाठी नाही असं समजायला हरकत नाही. चांगल्या कंपन्या तो आकडा माहितीपत्रकात देतात.

आणि कागदावर विसंबू नका. खरेदीला जाताना घरातून चार कापडं घेऊन जा: गडद मरून, गर्द निळा, राणी आणि जरीचा काठ असलेलं काहीतरी. विक्रेत्याकडं स्ट्रिप पेटवून त्याखाली धरा, मग दारात सावलीतल्या दिवसाच्या उजेडात धरा. स्वतःचा तळहातही बघा. खराब उजेडात तो राखाडी दिसतो. मोबाइलनं फोटो काढून तुलना करू नका, कॅमेरा स्वतःच रंग सावरून घेतो. पांढऱ्या कापडाचं एक वेगळं आहे. पांढऱ्या सुती साड्यांवर आणि शर्टांवर चमक आणणारं द्रव्य असतं, ते उन्हातल्या अतिनील किरणांवर उजळतं. साध्या एलईडीत ते किरण जवळजवळ नसतात, त्यामुळं पांढरा उन्हाइतका झगझगीत दिसणार नाही. त्यासाठी स्ट्रिप बदलत बसू नका.

उजेडाच्या रंगाचं म्हणाल तर तो केल्विनमध्ये मोजतात. ३००० ला जरी सोन्यासारखी उठते, पैठणीचा काठ सुंदर दिसतो, पण पांढरे, फिके निळे आणि चंदेरी काठ मळकट वाटतात. ६५०० ला पांढरे खुलतात आणि जरी पितळेसारखी पडते. मी साडीच्या दुकानात रॅकला सरसकट ४००० ठेवायला सांगतो आणि पैठणी-इरकलच्या एका दर्शनी शोकेसला ३०००. एकाच रॅकवर दोन्ही मिसळू नका. तीच साडी वरच्या खणात एका रंगाची आणि खालच्या खणात दुसऱ्या रंगाची दिसते. जिथं साडी उलगडून दाखवतात त्या गादीवर वरून स्ट्रिप पुरणार नाही, तिथं त्याच ४००० चे आणि तितक्याच सीआरआयचे स्पॉट किंवा पॅनेल लागतील. स्ट्रिप रॅकसाठी आहे, गादीसाठी नाही. शोकेसमधल्या रेशमावर एलईडीचा ताप आणि अतिनील कमी असला तरी महिनोन्‌महिने एकच घडी बाहेर ठेवली तर रंग उतरतोच. साड्या आलटूनपालटून ठेवा.

हल्ली व्हिडिओ कॉलवर आणि लाइव्ह करून साड्या विकल्या जातात. तुमच्याकडं तो विचार असेल तर डायमर जपून घ्या. स्वस्त डायमर स्ट्रिप भराभर चालू-बंद करून उजेड कमी करतात, आणि ती गती कमी असली की मोबाइलच्या पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. घेण्याआधी अर्ध्या उजेडावर ठेवून मोबाइलनं व्हिडिओ काढा, पट्टे दिसले तर तो नको. डायमर ड्रायव्हर आणि स्ट्रिपच्या मध्ये, डीसी बाजूला लावायचा. पंख्याचा रेग्युलेटर ड्रायव्हरच्या आधी लावायचा प्रयोग कुणी सुचवला तर थांबवा, ड्रायव्हर जळतो.

रॅकमध्ये स्ट्रिप नेमकी कुठं? खणाच्या मागच्या कोपऱ्यात लावतात आणि उजेड गिऱ्हाइकाच्या डोळ्यात जातो. ती खणाच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूला, ४५ अंशाच्या अॅल्युमिनियम प्रोफाइलमध्ये (स्ट्रिप बसवायची धातूची पन्हळ) बसवा, म्हणजे उजेड घड्यांच्या दर्शनी बाजूवर पडतो आणि स्ट्रिप कुणाला दिसत नाही. मीटरला १० वॅट पुरतात. ३० मीटर रॅक धरले तर ३०० वॅट, रोज दहा तास म्हणजे तीन युनिट, वर ड्रायव्हरमधली थोडी घट. मीटरला २० वॅटची स्ट्रिप घेऊन हे बिल दुप्पट करण्यात काही मिळत नाही, उलट बंद खणात उष्णता साठते.

प्रोफाइलवर लोक पैसे वाचवतात, आणि स्ट्रिप लवकर मंदावण्याचं हे एक मुख्य कारण मी पाहत आलोय. एलईडीचा उजेड थंड असतो, एलईडी स्वतः नाही. ती उष्णता मागून पट्टीत उतरते आणि तिला जायला धातू लागतो. लाकडावर किंवा पीओपीवर थेट चिकटवलेली १० वॅटची स्ट्रिप आतून भाजत राहते, फॉस्फर काळवंडतो, रंग निळसर होतो. शिवाय पीओपीच्या भुकटीवर कुठलाच गोंद टिकत नाही, पहिल्या उन्हाळ्यात लोंबायला लागते. प्रोफाइल स्क्रूनं बसवा, स्ट्रिप त्यात चिकटवा. अर्धा तास पेटवून प्रोफाइलवर बोट टेकवा. ठेवता आलं पाहिजे, चटका बसून उचलावं लागलं तर वॅट जास्त आहेत.

ठिपके दिसू नयेत म्हणून काय? मीटरला ६० एलईडी असतील तर दोघांत साधारण १७ मिलिमीटर अंतर असतं, १२० असतील तर ८. प्रोफाइलचं दुधी झाकण एलईडीपासून किमान तेवढ्या अंतरावर असलं तर ठिपके विरघळतात. उथळ प्रोफाइल वापरायचं असेल तर सीओबी (अगदी दाट चिप बसवलेली स्ट्रिप) घ्या, तिच्यात सलग रेघ दिसते. पण जिथं स्ट्रिप दिसतच नाही, जसं पीओपीच्या खाचेत, तिथं सीओबीवर पैसे घालू नका. स्वयंपाकघरात मात्र घाला. आपल्याकडं ओटा बहुधा काळ्या ग्रॅनाइटचा, घासून आरशासारखा केलेला. वरच्या कपाटाखाली साधी स्ट्रिप लावली की तिचा एकेक ठिपका ओट्यावर चमकतो आणि भाजी चिरताना डोळ्यांना टोचतो. तिथं दुधी झाकणातली सीओबी, ४००० केल्विन, कपाटाच्या पुढच्या कडेला. शेगडीच्या बरोबर वर नको. झाकण काढून धुता येईल असं घ्या, कारण फोडणीच्या तेलाचा थर बसतोच.

आता हॉल. १२ बाय १५ फुटांच्या हॉलला पीओपीच्या आतल्या घेरात साधारण १५ मीटर लागतील. खाचेतला उजेड छतावर आपटून खाली येतो, त्यात निम्म्याच्या आसपास वाया जातो. हॉलला इतर दिवे असतील आणि स्ट्रिप फक्त संध्याकाळच्या मंद उजेडाला असेल तर मीटरला ५-६ वॅट पुरे. त्यावरच हॉल चालवायचा असेल तर १० घ्या. १५ मीटरला १५० वॅट झाले. पाच तासांचे पाऊण युनिट, ड्रायव्हरची घट धरून महिन्याला पंचवीसेक युनिट. रंग ३०००. सांगायचं राहिलं, पीओपीवाल्याशी आजच बोला: खाचेपासून वरच्या छतापर्यंत पाच-सहा इंच मोकळे हवेत. दोन-तीन इंचच ठेवले तर छतावर कडेनं एक पांढरा जळका पट्टा दिसतो आणि मधलं छत अंधारातच राहतं. खाचेच्या आतला भाग रंगाऱ्याकडून पांढरा, बिनचकाकीचा रंगवून घ्या. तो नंतर दिसत नाही म्हणून कुणी रंगवत नाही, आणि तोच भाग सगळा उजेड परतवत असतो.

बेडरूमला २७०० किंवा ३०००, कमी वॅटची. घरात वयस्कर माणसं असतील तर पलंगाखाली मीटरला ३ वॅटची स्ट्रिप आणि हालचालीचा सेन्सर लावा. रात्री पाय खाली टाकला की बाथरूमपर्यंतची फरशी दिसते आणि झोपही मोडत नाही. सगळ्या घरातल्या स्ट्रिपमध्ये मला ही सर्वांत उपयोगाची वाटते. देवघरात मूर्तीमागे २७०० ची छोटी स्ट्रिप सुंदर दिसते, फक्त निरांजन-समईच्या ज्योतीच्या सरळ वर ती येऊ देऊ नका. काजळी बसते आणि उष्णतेनं गोंद सुटतो. रंग बदलणारी आरजीबी तुम्हाला हवीच असेल तर टीव्हीमागे लावा. तिच्या तीन रंगांतून बनवलेला पांढरा राहत्या खोलीला कधीच बरा दिसत नाही.

ड्रायव्हर हा सगळ्यात आधी बिघडणारा भाग, म्हणून तो पीओपीत चिणू नका. कपाटाच्या माथ्यावर, टीव्ही युनिटमागे, हात आणि हवा दोन्ही पोहोचतील अशा जागी ठेवा. स्ट्रिपसाठी ‘कॉन्स्टंट व्होल्टेज’ (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा) ड्रायव्हर लागतो; पॅनेल लाइटचा जुना ड्रायव्हर जोडता येत नाही. क्षमता स्ट्रिपच्या वॅटपेक्षा पाव भाग जास्त: १५० वॅटला १८७ च्या पुढचा. मी एक २०० वॅटचा न लावता १००-१०० चे दोन लावतो, हॉलच्या दोन बाजूंना एकेक. एक गेला तरी पाहुण्यांसमोर पूर्ण अंधार होत नाही, आणि प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मीटरच स्ट्रिप येते. लेबलवर आयएस १५८८५ आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी क्रमांक बघा. या ड्रायव्हरना तो सक्तीचा आहे. गावाकडं व्होल्टेज वरखाली होत असेल तर १०० ते २६५ व्होल्ट झेलणारा घ्या.

दुकानाच्या बोर्डासाठी किंवा बाहेरच्या कडेला लावायची असेल तर आयपी६५ किंवा ६७, म्हणजे पाणी-धूळ आत न जाऊ देणारी लेपाची. आतल्या कामाला लेपाची स्ट्रिप कशाला नको, तर लेपानं उजेडाचा रंग थोडा पांढुरका होतो आणि उष्णताही अडते. बाहेरची स्ट्रिप कापली की तिचं टोक उघडं पडतं. टोपी आणि सिलिकॉन लावून ते पुन्हा बंद करावं लागतं. त्यासाठी व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातल्या आम्लानं तांबं हिरवं पडतं. न्यूट्रल क्युअर मागा. तुमच्याकडं पाऊस कोकणाएवढा नाही. रत्नागिरी-मालवणला मी बाहेरच्या जोडाला खाऱ्या हवेमुळं याहून जास्त काळजी घ्यायला सांगितलं असतं.

माल कुठून घ्यायचा हेही विचारलंय. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लोहार चाळ इथं सगळ्या दर्जाचा माल मिळतो, चांगला आणि टाकाऊ शेजारी-शेजारी. फायदा इतकाच की समोर पेटवून बघता येतो. सांगलीतच एखादा विक्रेता पेटवून दाखवत असेल, कापडं धरू देत असेल आणि बदलून द्यायची लेखी हमी देत असेल तर पन्नास रुपये जास्त देऊन त्याच्याकडूनच घ्या.

म्हणजे तुमची यादी अशी होईल. हॉलला २४ व्होल्ट, १२० एलईडीची, मीटरला १० वॅट, ३००० केल्विन, सीआरआय ८०, १५ मीटर, सोबत १००-१०० वॅटचे दोन ड्रायव्हर. ओट्यावर सीओबी, ४०००. दुकानाच्या रॅकना २४ व्होल्ट, १० वॅट, ४००० केल्विन, सीआरआय ९० च्या वर आणि आर-९ पन्नासच्या पुढं. बजेट कमी पडलं तर कात्री घराच्या स्ट्रिपवर चालवा, दुकानाच्या नाही.

जोड सोल्डर करून घ्या, वर हीट-श्रिंक नळी. दाबून बसवायच्या क्लिप झटपट लागतात आणि वर्षभरात सैल होऊन लुकलुकायला लागतात. इलेक्ट्रिशियनचे पैसे देण्याआधी सगळ्या स्ट्रिप पूर्ण उजेडावर तासभर चालू ठेवा आणि त्याच्याकडून मल्टिमीटरनं प्रत्येकीच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज मोजून घ्या. २४ व्होल्टच्या स्ट्रिपला २३ च्या वर दिसलं तर काम ठीक आहे. त्याखाली उतरलं तर ड्रायव्हर बदलायची गरज नाही. त्या शेवटच्या टोकालाही ड्रायव्हरपासून वेगळी दीड चौरस मिलिमीटरची वायर ओढायला सांगा. पीओपीच्या खाचेत ती जागा अजून उघडी असतानाच हे करून घ्या.